प्लास्टरच्या जबड्याला लाळ नसते

"तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "दात करतो." पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "म्हणजे डेंटिस्ट का?"

नाही, डेंटिस्ट नव्हे. डेंटिस्टच्या मागे जो असतो, तो. डॉक्टर तुमच्या तोंडाचं माप घेतात आणि "आठ दिवसांनी या" म्हणतात. त्या आठ दिवसांत कवळीचं काम ते करत नसतात, मी करत असतो. विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझी लॅब होती. लॅब हे नाव मोठं. प्रत्यक्षात एक गाळा, दोन टेबलं, एक शेगडी, पॉलिशची मोटर आणि या सगळ्यावर प्लास्टरची पांढरी पूड. अडतीस वर्षं मी तिथे कवळ्या केल्या आणि मागच्या वर्षी गाळा बंद केला. डोक्यावरची पूड गेल्यावर केसांचा खरा रंग दिसेल अशी बायकोला आशा होती. तोही पांढराच निघाला.

कवळी कशी होते ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझी चूक तुम्हाला कळायची नाही. डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप घेऊन पाठवतात. त्या मापात मी प्लास्टर ओततो, की जबडा तयार. त्या जबड्यावर मेणाची पट्टी बसवायची, मेणात एकेक दात लावायचा. ते पेशंटच्या तोंडात घालून बघायला पुन्हा डॉक्टरांकडे जातं. बरोबर असलं तर पितळेच्या डब्यात प्लास्टरमध्ये गाडून उकळायचं. मेण वितळून जातं आणि त्याच्या जागी हिरडीच्या रंगाचं गुलाबी ॲक्रिलिक दाबून भरायचं. पुन्हा उकळायचं, डबा फोडायचा, घासायचं, चमकवायचं. शेवटी कवळी त्याच प्लास्टरच्या जबड्यावर बसवून बघायची. बसली, की डबीत घालून रवाना.

म्हणजे बघा, माणूस यात कुठेच नाही. हजारो जबडे हाताखालून गेले, पण त्यांचे चेहरे मला माहीत नाहीत. जबड्याच्या बुडावर पेन्सिलीने नाव लिहिलेलं असायचं, तेवढीच ओळख. तरीही मला वाटायचं की मी माणसं ओळखतो. एका बाजूची हिरडी जास्त झिजलेली दिसली, की हा गडी वर्षानुवर्षं एकाच बाजूने चावतोय, हे मी सांगायचो आणि ते खरं निघायचं. या विद्येचा मला बराच गर्व होता.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. डोंबिवलीच्या एका निवृत्त बाईंनी मेणाची ट्रायल तीनदा परत पाठवली. दात जास्तच सुंदर होते, तक्रार नेमकी तीच होती. शेवटी त्यांनी लग्नातला फोटोच पाठवला. पुढच्या दोन दातांमध्ये मूळची फट होती आणि ती त्यांना परत हवी होती. "ह्यांना ओळखू यायला हवं ना," असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. 'हे' तेव्हा माणसं विसरायला लागले होते. मी फट ठेवली, अगदी फोटोत होती तेवढीच. त्या कामाबद्दल मला अजून बरं वाटतं.

दुसरे कल्याणचे एक गृहस्थ. नवी कवळी घातली आणि दुसऱ्या दिवशी खांद्यावर टॉवेल टाकून क्लिनिकमध्ये हजर. तोंडातून नुसत्या धारा. त्यांचं म्हणणं, कवळीतून पाणी झिरपतंय! डॉक्टरांनी समजावलं की तोंडाला अजून कवळी म्हणजे काय ते कळलेलं नाही. काहीतरी खायला आलंय असं समजून ते लाळ सोडतंय. चार दिवसांनी समजेल. तसं समजलंही. आम्ही लॅबमध्ये या गोष्टीवर महिनाभर हसलो. लाळ म्हणजे आमच्या धंद्यातला कटकटीचा भाग, एवढंच मी तेव्हा धरून चाललो होतो. एरवीही आपल्याकडे लाळेला मान कुठे आहे? तान्ह्या बाळाच्या गळ्यात लाळेरं असतं तोवर कौतुक, त्यानंतर लाळघोट्या ही शिवीच.

आता हिराबाईंबद्दल सांगतो.

ठाण्याला नौपाड्यात लेले मॅडमचं क्लिनिक आहे. त्यांचं काम माझ्याकडे वीसेक वर्षं होतं. मॅडम कामाला कडक, बोलायला मऊ. त्यांच्याकडून एक माप आलं. बुडावर नाव: हिराबाई, चेंदणी. सोबत चिठ्ठी होती: 'कोळीवाड्यातल्या आजी आहेत. मासळी बाजारात बसतात. धवलारीण आहेत. नातीच्या लग्नात गायचं आहे, लवकर हवी.'

धवलारीण म्हणजे काय, हे ठाण्याच्या जुन्या गावांतल्या लोकांना सांगायला नको. आगरी-कोळ्यांच्या लग्नात एकेका विधीला म्हणायची गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात. ती म्हणणारी बाई ती धवलारीण. पोथी नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ, आणि तासन्‌तास गायचं. हिराबाईंनी गावातल्या कितीतरी मुलींची लग्नं अशी गाऊन लावली होती. आता सख्ख्या नातीची पाळी आली आणि तोंडात दात नाहीत. बोळक्या तोंडाने शब्द विरघळतात, निम्मे कळतच नाहीत. म्हणून कवळी.

मी मन लावून केली. ती परत आली. मॅडमचा फोन: "परब, वरची पडतेय. दोन शब्द बोलल्या की खाली."

पुन्हा माप, पुन्हा कवळी. तीही पडली. तिसरी केली, कडा जरा लांबवल्या, टाळूकडची रेघ पुन्हा कोरली. तीसुद्धा आठ दिवसांनी माझ्या टेबलावर.

आता माझं डोकं फिरलं. मी कवळी प्लास्टरच्या जबड्यावर बसवली आणि जबडा उलटा धरला. पडली नाही. हलवला. तरी पडली नाही. माझं काम चोख होतं, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. मग मी चिठ्ठी लिहिली. अक्षरन्‌अक्षर आठवतं: 'कवळी मॉडेलवर बरोबर बसते. पेशंटला सवय करायला सांगावे.'

त्यानंतर महिनाभर काहीच कळलं नाही. मी समजलो, झाली सवय.

मग एकदा दुसरं काम द्यायला मी स्वतः नौपाड्याला गेलो आणि सहज विचारलं. मॅडमचा चेहरा उतरला. हिराबाई तिसरी कवळी परत न्यायला आल्या, त्या दिवशी मॅडम आत एका पेशंटमध्ये अडकल्या होत्या. रिसेप्शनवरच्या मुलीने हिराबाईंना कवळी दिली आणि माझी चिठ्ठी, चार माणसं बसलेली असताना, मोठ्याने वाचून दाखवली. हिराबाईंनी ती ऐकून घेतली. डबी घेतली आणि गेल्या. त्यानंतर आल्या नाहीत.

"सुनेला फोन केला होता मी," मॅडम म्हणाल्या. "आजी भाकरी खात नाहीत म्हणते. पातळ काहीतरी पितात, तेही अर्धं. आणि लग्नात दुसऱ्या कुणाला तरी बोलवा म्हणून सांगितलंय त्यांनी. लग्नाला आता सहा आठवडे राहिलेत."

मी मालवणी माणूस. रागावलेल्या माणसापेक्षा गप्प झालेल्या माणसाची मला जास्त भीती वाटते. क्लिनिकमधून निघालो तो तसाच मासळी बाजारात गेलो आणि विचारत विचारत हिराबाईंसमोर उभा राहिलो. सत्तरीची, सडसडीत बाई. ओठ आत ओढलेले. समोर पापलेटं आणि बोंबील.

"मावरं घेतंस का नुसता बगतंस?"

"मावशी, मी परब. लेले मॅडमकडची तुमची कवळी मी केली."

त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला. "तीनीपन?"

"तीनही."

"तवा तूच काय तो. सवय करा बोलनारा."

मी मान खाली घातली. शेजारची मासेवाली हसली, तिला हिराबाईंनी डोळ्यांनीच गप्प केलं. मग कमरेच्या पिशवीतून डबी काढली, पाठ वळवली आणि कवळी घालून पुन्हा माझ्याकडे तोंड केलं. "बग आता तुजी कारागिरी," म्हणाल्या आणि धवल्याची एक ओळ हळूच धरली. आवाज असा, की बोंबील निवडणारी एक बाई थांबून बघायला लागली. तिसऱ्या शब्दाला टक्‌ झालं. वरची कवळी खालच्यावर पडली होती. हिराबाईंनी तोंडावर हात धरला.

अडतीस वर्षांत माझी कवळी माणसाच्या तोंडातून पडताना मी पहिल्यांदा पाहिली. आणि आणखी एक गोष्ट पाहिली. त्यांनी हात काढला तेव्हा ओठ दाताला चिकटले होते. जीभ उन्हात राहिलेल्या कपड्यासारखी कोरडी. मी चटकन माझी पाण्याची बाटली पुढे केली.

"नको."

"मावशी, एक घोट घ्या."

"नको बोलतंय ना! पानी प्यालं का जावा लागतं. जाशील कुठं? त्या मोरीन पाय तरी ठेववतो का? सकालचे पाचला घरातून निघतंय, दोनला जातंय. आमी सगल्याच बाया अशाच."

शेजारणीने मान डोलावली, त्यात तिला नवल काहीच नव्हतं. मला मात्र होतं. इतकी वर्षं याच बाजारातून मी मासे घेत आलो होतो, पण या बायका दिवसभर पाणी पीत नसतील हे कधी मनात आलं नव्हतं.

"आनि आता तर गोली पन हाय," हिराबाई आवाज उतरवून म्हणाल्या.

"कसली गोळी?"

त्यांनी माशांवरची माशी हाकली. मग खालमानेनेच बोलल्या. "थांबवाची. टोपली उचलाला गेली का... कपडा खराब व्हायचा रं. वरीस झायला. तिकडचे डाक्तरनी गोली दिली, तवाधरनं बरा हाय. पन सुनेला ठाव नाय. तू बोलशील नको कोनाला."

त्याच डबीतून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी त्यांची परवानगी घेतली आणि पट्टीचा फोटो लेले मॅडमना पाठवला. दोन मिनिटांत फोन आला.

"परब, ही गोळी लघवी थांबवते आणि लाळही थांबवते! मी विचारलं होतं हो त्यांना. बीपीची गोळी आहे का, शुगरची आहे का. त्या नाही म्हणाल्या." मग स्वतःशीच म्हणाल्या, "खरंच नाही ना. मी तेवढंच विचारलं."

लॅबमध्ये परतलो आणि तो जबडा पुन्हा हातात घेतला. कवळी बसवायला गेलो, तेव्हा माझाच हात माझ्या लक्षात आला. जबडा आधी पाण्याच्या टबात बुडवायचा आणि मग कवळी बसवायची, ही माझी शिकाऊ दिवसांपासूनची सवय. सुकं प्लास्टर खरवडतं म्हणून. मी तो जबडा पुसून खिडकीत ठेवला आणि पूर्ण सुकल्यावर दुसऱ्या दिवशी कवळी बसवून उलटा धरला. कवळी टपकन माझ्या मांडीवर पडली.

दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवा, सुटता सुटत नाहीत. कोरड्या ठेवा, आपोआप घसरतात. वरची कवळी तशीच धरलेली असते, टाळू आणि ॲक्रिलिक यांच्यामधल्या लाळेच्या पातळ थरावर. हे मी पुस्तकात वाचलं होतं, शिकाऊ पोरांना सांगितलंही होतं. आणि तरी तीन वेळा स्वतःच्या हाताने प्लास्टर भिजवून मी एका कोरड्या तोंडाच्या बाईला सवय करा म्हणून कळवलं होतं. तिच्या तोंडातलं पाणी मी माझ्या टबातून घालत होतो. त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात हिराबाई क्लिनिकमध्ये आल्या. मॅडमनी मलाही बोलावलं होतं. मॅडमनी त्यांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं, आणि खरं म्हणजे मीही ते त्या दिवशीच नीट ऐकलं. आपण लाळेला थुंकी म्हणून झटकतो, पण ती दिवसभर तोंडाची धुलाई करत असते. दातावरचं आंबट ती मारते, म्हणून दात किडायचे वाचतात. ती आटली की दात भराभर किडतात, तोंडात बुरशी धरते, जिभेची आग होते. घास भिजला नाही तर गिळवत नाही, आणि जिभेवर काही विरघळलं नाही तर चवही लागत नाही. तांदळाची भाकरी चावत राहिलं की गोड लागायला लागते, तीही लाळेचीच करामत. आणि बोलणं, गाणं? जीभ टाळूवरून घसरली पाहिजे ना. कोरड्या जिभेला ते कसं जमणार?

"म्हंजे माजा आवाज गेलेला नाय?" हिराबाईंनी विचारलं.

"आवाज जागेवर आहे, आजी. पाणी गेलंय."

हिराबाई पदर तोंडाला लावून रडल्या. वर्षभर त्यांनी मनाशी धरलं होतं की वय झालं, देवाने गळा काढून घेतला. सुनेच्या भाकरीची चव गेली असंच त्यांना वाटत होतं आणि सुनेला वाईट वाटू नये म्हणून त्या तेही बोलल्या नव्हत्या.

गोळीचं काय करायचं हे दात करणाऱ्याचं काम नव्हे. मॅडमनी गोळी देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी हिराबाईंना पुन्हा तपासलं, गोळी बंद करून बघू म्हणाले, काही व्यायाम शिकवले आणि सांगितलं की दर दोन तासांनी जायचं, लागो न लागो. आणि पाणी प्यायचंच, एकदम नाही, घोट घोट.

"जायाचा कुठं?" हिराबाईंचा प्रश्न तोच.

यावर मॅडम म्हणाल्या, "बाजारापासून इथे यायला किती वेळ लागतो? माझं बाथरूम आहे ना."

मला वाटलं, बोलायला ठीक आहे. पण हिराबाई खरंच यायला लागल्या. शेजारीण मासळीकडे बघायची आणि ह्या अंगावर मासळीचा वास घेऊन, सपाता वाजवत, वेटिंगमधल्या लोकांमधून सरळ आत. पहिल्या दिवशी एका बाईने नाकाला रुमाल लावला. तेव्हा रिसेप्शनवरच्या त्याच मुलीने उठून हिराबाईंना दार उघडून दिलं आणि बाहेर आल्यावर पाण्याचा पेला हातात ठेवला. तिलाही ती चिठ्ठी वाचल्याचं लागलं असणार.

लाळ यायला वेळ लागला. सगळी आली असंही नाही, त्या वयात ती मुळातच थोडी असते. पण तीन आठवड्यांनी मॅडमनी तिसरीच कवळी पुन्हा घालून बघितली. मी चौथीची तयारी ठेवली होती, तिची गरज पडली नाही. हिराबाईंनी क्लिनिकच्या खुर्चीत पडल्या पडल्या एक अख्खा धवला म्हटला. मॅडम हातात आरसा घेऊन नुसत्या उभ्या होत्या. गोळी सुटल्याने जुना त्रास मात्र थोडा परत आला होता. हिराबाईंनी तो पत्करला होता. सुनेलाही सगळं सांगून टाकलं होतं. सून म्हणाली, "आई, मना ठाव होता. कपडे मीच धुते ना." ती वर्षभर गप्प होती, सासूला ओशाळं वाटू नये म्हणून.

लग्नाचं आमंत्रण मला आणि मॅडमना दोघांनाही होतं. सकाळचा हळदीचा विधी. मांडवात नात ऋतुजा पाटावर, भोवती बायका, मुलाकडची माणसंही येऊन बसलेली. हिराबाईंपुढे माईक ठेवला होता. त्यांनी धवला सुरू केला आणि मी काय ऐकत होतो सांगू? गाणं नाही. मी कान लावून होतो त्या 'टक्‌'साठी. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. शब्द स्वच्छ येत होते, एकेक सुटा. मग कधीतरी मी कवळी विसरलो आणि नुसतं ऐकायला लागलो.

अर्धा तास झाला असेल, हिराबाई मध्येच थांबल्या. मला वाटलं, पडली कवळी. पण त्यांनी हात वर केला आणि माईकवरच सांगितलं, "जरा थांबा. मना जाऊन येवाचं हाय."

कोपऱ्यात दोघी-तिघी खुसखुसल्या. मोकळी जागा दिसताच डीजेवाल्याने गाणं लावायला हात पुढे केला. तेवढ्यात हळदीने माखलेली ऋतुजा पाटावरूनच ओरडली, "ए, कोनी काय लावू नका! आजी येतंय!"

आणि सगळे थांबले. नवरी थांबली, मुलाकडचे थांबले, हळदीच्या वाट्या हातात घेऊन बायका थांबल्या. सून सासूच्या हाताला धरून घरात गेली. त्या पाच मिनिटांत एवढ्या मोठ्या मांडवात कुणी कुरकूर केली नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मॅडमही दुसरीकडे बघत होत्या.

हिराबाई परत आल्या, जागेवर बसल्या. सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि अख्ख्या गावासमोर, कुणाकडेही न बघता, सावकाश पोटभर पाणी प्यायल्या. मग माईक जवळ ओढला आणि ओळ जिथे सोडली होती, तिथूनच पुढे धरली.